चिमणीचं वजन

वजनमापे खात्यातल्या त्या निरीक्षकांना त्यांच्या पाठीमागे सगळे 'काटेकोर' म्हणत. पुढे पुढे लोक तोंडावरही म्हणू लागले आणि त्यांनाही ते आवडू लागलं, त्यामुळे त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. पंचवीस वर्षं त्यांनी दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले काटे तपासले होते. खोट्या काट्याला कुलूप घालायचं, खऱ्यावर शिक्का मारायचा, आणि चहा कोणाचाच प्यायचा नाही, हा त्यांचा खाक्या.

पण त्यांची खरी ख्याती होती ती हाताची. एखादं पोतं, पिशवी, पेटी त्यांनी उचलून पाहिली की ते वजन सांगत, आणि ते दहावीस ग्रॅमपलीकडे चुकत नसे. दुकानदार मुद्दाम त्यांच्या हातात काहीतरी ठेवत. काटेकोर डोळे मिटत, हात किंचित खाली-वर करत आणि म्हणत, "तीन किलो दोनशे. पिशवी धरून." मग पिशवी काट्यावर जाई आणि काटाही तेच दाखवी.

त्यांना एकच मुलगी. अकरा वर्षांची. लहानपणी ती घरभर टुणटुण उड्या मारायची म्हणून तिला चिमणी म्हणू लागले, ते तसंच राहिलं.

शाळेची सहल निघाली तेव्हा ही गोष्ट घडली. तळ्याच्या मधोमध एक बेट होतं, त्यावर पाणपक्ष्यांची घरटी होती, ती पाहायला चिमणीचा सगळा वर्ग जाणार होता. होडीतून जायचं म्हणून शाळेने फॉर्म पाठवला. त्यात नाव, इयत्ता, पोहता येतं का, आणि शेवटी एक ओळ: मुलाचे वजन.

काटेकोरांनी पेनाचं टोपण काढलं आणि ते उठले. चिमणी खिडकीपाशी वाचत बसली होती.

"उभी राहा जरा," ते म्हणाले. तिच्या काखेत हात घालून त्यांनी तिला वीतभर उचललं, डोळे मिटले आणि खाली ठेवलं. "बेचाळीस."

"अठ्ठावन्न," चिमणी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"औषधांच्या दुकानातलं मशीन."

"मग ते मशीन तपासायला हवं," काटेकोर गंभीरपणे म्हणाले.

आतून त्यांची बायको हात पुसत आली. "बेचाळीस कुठलं हो? अडतीसच्या वर नाही ती. तिच्या अंगाला काही लागतच नाही. परवा तिचा दंड धरला तर माझी बोटं एकमेकांना लागली."

"ते मनगटाला धरलंस म्हणून," चिमणी म्हणाली.

"बेचाळीस आणि अडतीस, मग चाळीस लिहा," बायकोने तोडगा काढला.

"वजन म्हणजे काय भांडण आहे, मध्ये मिटवायला?" काटेकोर म्हणाले आणि त्यांनी बेचाळीस लिहिलं. खाली सही केली. सवयीने हुद्द्याचा शिक्काही मारला.

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच औषधांच्या दुकानात गेले. गाडीतली कामाची पेटी उघडली, वीस-वीस किलोची चार प्रमाण वजनं एकेक करून मशीनवर ठेवली. मशीन तंतोतंत बरोबर होतं. काटेकोरांनी थोडा विचार केला आणि ठरवलं, की चिमणी त्या दिवशी दप्तरासकट उभी राहिली असणार. सोळा किलोचं दप्तर. हल्लीच्या शाळा पाहता त्यात अशक्य काही नव्हतं.

सहलीबरोबर एक पालक हवा होता. काटेकोरांनी रजा काढली. सोबतच्या पालकालाही तसाच फॉर्म भरायचा होता, तो त्यांनी 'ऑफिसात नीट वजन करून लिहू' म्हणून टेबलावर ठेवला. सकाळी पाहिलं तर तो दप्तरातून परस्पर शाळेत गेला होता. कोणीतरी भरला असेल, असं म्हणून ते विसरून गेले.

सहलीच्या दिवशी सकाळी आठला सगळे धक्क्यावर जमले. सव्वीस मुलं आणि त्यांना पोचवायला आलेले चाळीसएक पालक. काटेकोरांची बायको आली होती, आणि त्यांची आईही, मांडीवर खाऊचा डबा घेऊन धक्क्यावरच्या बाकावर बसली होती. होडीवाले मामा हे साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी होडीच्या बाजूला एक तांबडी रेघ दाखवली.

"ही पाण्याच्या वर दिसली पाहिजे. अकराशे किलोपर्यंत दिसते. पुढे नाही."

वर्गाच्या बाई हसल्या. "काही काळजी नको मामा. मी सगळे फॉर्म बेरीज करून आणलेत. मुलं नऊशे बासष्ट. मी अठ्ठावन्न. हे पालक साठ. एक हजार ऐंशी."

काटेकोर तेव्हा आपली पेटी गाडीत नीट बसवत होते, त्यांना ते 'साठ' ऐकू आलं नाही. मुलं ओळीने होडीत चढली. बाराएक मुलं होती तोवर ठीक होतं. पंचविसावं मूल चढलं तेव्हा रेघ पाण्याला टेकली. सव्विसावं चढलं, बाई चढल्या, काटेकोरांनी एक पाय ठेवला, आणि रेघ तीन बोटं पाण्याखाली गेली.

"उतरा सगळे," मामा म्हणाले.

"पण एक हजार ऐंशी झालेत," बाईंनी कागद पुढे केला.

मामांनी कागद पाहिला, मग होडी पाहिली. "कागद बरोबर असेल बाई. पण पाण्यात होडी जाणार आहे, कागद नाही."

मुलं उतरली. रेघ पुन्हा वर आली. पालकांमध्ये कुजबुज सुरू झाली आणि थोड्याच वेळात तिचा गलका झाला. एक जण म्हणाले, रेघ चुकीच्या जागी मारली आहे. दुसऱ्या म्हणाल्या, जुन्या लाकडाने पाणी प्यायलं असेल, होडीच जड झाली असेल. कोणी मामांच्या पोटाकडे पाहिलं. बाई हळूच म्हणाल्या, "दोन फेऱ्या करू या का?" त्यावर सगळे एकदम शांत झाले. दोन फेऱ्या करायच्या म्हणजे मुलं जड आहेत असं मान्य करायचं.

"दोन फेऱ्या कशाला?" दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांची मुलगी चिमणीची मैत्रीण. "आमची तेहेतीस किलोची आहे. फुंकर मारली तर बेटावर जाईल. हे काटेकोर आहेत ना इथे? त्यांनाच विचारा. होडी खोटी की मुलं खोटी, ते सांगतील."

सगळे वळून काटेकोरांकडे पाहू लागले. काटेकोरांना असा क्षण नवा नव्हता. ते खाकरले. धक्क्यावर माल तोलायचा मोठा काटा होता, जमिनीसरशी लोखंडी पाट असलेला. त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मी हाताने सांगतो. पटलं नाही तर तिथे खात्री करून घ्या."

त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या मुलीला उचललं, डोळे मिटले. "सत्तेचाळीस."

काट्यावर सत्तेचाळीस भरली.

डॉक्टरीणबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ती काट्यावर श्वास रोखून उभी राहते. हवा भरली की वजन वाढतं."

"हवेने चौदा किलो वाढत नाही, बाई."

"तुम्ही दातांचं सांगा, मी ऐकेन," असं त्या म्हणणार होत्या, पण उलटं आहे हे ध्यानात येऊन गप्प बसल्या.

मग व्यायामशाळावाले पुढे आले. त्यांच्या मुलाला घरात 'पैलवान' म्हणत आणि फॉर्मात पंचावन्न लिहिलं होतं. पैलवानाला उचलायला काटेकोरांना एक हात पुरला. "एकोणतीस."

काट्यावर एकोणतीस.

"काट्याला चरबी कळते, स्नायू कळत नाहीत," व्यायामशाळावाले छाती फुगवून म्हणाले. पैलवान मात्र खुशीत होता. "मी सांगत होतो," तो म्हणाला, "मला ते डंबेल उचलवत नाहीत."

वाचनालयातल्या बाईंची जुळी मुलं होती, एका साच्यातून काढल्यासारखी. एकाचं वजन त्यांनी तीस लिहिलं होतं, दुसऱ्याचं पंचेचाळीस. "हा मोठा आहे ना, अकरा मिनिटांनी," त्या म्हणाल्या. काटेकोरांनी दोघांना दोन हातांत धरलं. "अडतीस. आणि अडतीस." दोघं काट्यावर आळीपाळीने चढले, मग गंमत म्हणून अदलाबदल करून पुन्हा चढले. काटा अडतीसवरच. वाचनालयातल्या बाई बराच वेळ दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या.

आतापर्यंत मुलांची चंगळ झाली होती. ती आपापली वजनं आधीच ओरडून सांगत होती आणि बरोबर सांगत होती. त्यांना सगळ्यांना ती ठाऊक होती, फॉर्म भरताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं एवढंच. पालक मात्र घुश्शात होते. काटेकोर भाव खात होते, हे खरं. प्रत्येक बरोबर आकड्याला ते किंचित मान झुकवत.

"आता तुमची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो, हो," काटेकोर म्हणाले. चिमणी पुढे आली. त्यांनी तिच्या काखेत हात घातले, उचललं, डोळे मिटले. या वेळी त्यांनी जरा जास्त वेळ लावला. त्यांना एकशे एक टक्के खात्री झाली.

"बेचाळीस."

चिमणी काट्यावर उभी राहिली. काटा अठ्ठावन्नवर थांबला.

धक्क्यावर कोणी हसलं नाही. सगळ्यांनी नुसता सुस्कारा सोडला, आणि तो हसण्याहून वाईट होता. काटेकोर काट्याजवळ गेले, वाकून पाहिलं, बोटाने काचेवर टिचकी मारली.

"उतर. परत चढ."

अठ्ठावन्न.

"बूट काढ."

साडेसत्तावन्न.

"काटा बिघडला," काटेकोर म्हणाले. "आत्ता, या क्षणी बिघडला. असं होतं कधी कधी, मुलं नाचल्यावर." त्यांनी गाडीतल्या पेटीतून वजनं एकेक करून आणली. वीस, चाळीस, साठ, ऐंशी. काटा एका केसानेही चुकला नाही. ते घामाघूम झाले. त्यांनी वजनं उतरवली आणि पुन्हा चढवली. मग खिशात हात घालून कुलूप बाहेर काढलं.

"साहेब," मामा म्हणाले, "त्या काट्याला कुलूप घातलंत तर दुपारी माझ्या पेट्या कशा तोलू?"

"आणि घालता कशाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आमच्या वेळी बरोबर होता. तुमच्या मुलीच्या वेळी खोटा. हे म्हणजे पदाचं वजन टाकणं झालं."

काटेकोरांचा हात थबकला. आयुष्यात त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. शिवाय त्यांना खात्याचा नियमच आठवला. निरीक्षकाने नातेवाइकाचा काटा तपासू नये. नातेवाइकाचा काटा तपासायचा नाही हे ते पंचवीस वर्षं पाळत आले होते, एकदा मेव्हण्याच्या दुकानासाठी त्यांनी दुसऱ्या शहरातून माणूस बोलावला होता. पण काट्यावरच नातेवाईक उभा असेल तर काय, हे नियमात कुठेच नव्हतं. त्यांनी कुलूप परत खिशात टाकलं.

"बाबा," चिमणी बूट घालत म्हणाली, "तुम्हाला खरंच बेचाळीस लागते?"

"खरंच."

"आणि काटा?"

"काटा बरोबर आहे."

"मग?"

"हातही बरोबर आहे," काटेकोर म्हणाले. "तेच तर कळत नाही."

तिने बुटाची नाडी ओढून बांधली. "आईच्या अडतिसापेक्षा चार किलो जास्त धरता तुम्ही मला," ती म्हणाली. "चांगलंय."

तेवढ्यात बाई आपल्या कागदावर आकडे दुरुस्त करत करत शेवटच्या ओळीवर आल्या. "आणि सोबतचे पालक साठ. हे तरी राहू द्यायचं ना?"

"कोण साठ?" काटेकोर म्हणाले. "मी त्र्याण्णव आहे. दर महिन्याला करतो मी वजन. हे कोणी लिहिलं?"

"मी," बाकावरून आजी म्हणाली.

"आई, मी त्र्याण्णव किलोचा आहे."

"असशील, कपड्यांसकट."

"कपडे तेहेतीस किलोचे असतात का?"

"मला काय विचारतोस? मला दिसतोयस ना तू," आजी म्हणाली. "गाल बसलेत. नुसता काट्यांच्या मागे मागे फिरतोस, वेळेवर जेवत नाहीस. साठसुद्धा मी जरा वाढवूनच लिहिलं, शाळेत बरं दिसावं म्हणून."

काटेकोर तडक जाऊन काट्यावर उभे राहिले. त्र्याण्णव किलो दोनशे. आजीला दिसावं म्हणून मामांनी आकडा मोठ्याने वाचला. आजीने तो सहानुभूतीने ऐकून घेतला, जसं डॉक्टरने खोटा धीर दिल्यावर ऐकतात, आणि सुनेला म्हणाली, "याला वरण जरा घट्ट देत जा गं."

काटेकोर काट्यावर तसेच उभे राहिले. ते आईकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, हट्टही नव्हता. ती खरोखरच साठ किलोच्या एका वाळलेल्या माणसाकडे पाहत होती आणि तिला त्याची काळजी वाटत होती.

नऊ वाजून गेले होते. ऊन वर येत होतं. बाई रडकुंडीला आल्या, कारण दोन फेऱ्यांचं भाडं शाळेकडून मागायला कारण लेखी द्यावं लागणार होतं आणि पालक एकही कारण मान्य करत नव्हते.

"पाणी हलकं आहे असं लिहा," डॉक्टरीणबाईंनी सुचवलं. "असेल ना एखाद्या दिवशी पाणी हलकं. काटेकोर दाखला देतील."

सगळ्यांना ही कल्पना एकदम पसंत पडली. यात कोणाचंच मूल येत नव्हतं. व्यायामशाळावाले म्हणाले, त्यांनाही पोहताना कधी कधी तसं जाणवतं. मामांना चाळीस वर्षांत हलकं पाणी भेटलं नव्हतं, पण निघायला मिळत असेल तर त्यांची काही हरकत नव्हती.

काटेकोरांनी पेटीतून लिटरचं प्रमाण माप काढलं, आणि बरोबरचा छोटा तराजू. धक्क्याच्या पायऱ्या उतरून त्यांनी माप तळ्यात बुडवलं, काठोकाठ भरलं, तोललं. चाळीस पालक श्वास रोखून वाकले होते.

"एक किलो," काटेकोर म्हणाले. "पाणी बरोबर आहे."

"थोडं डोळ्याआड करता येणार नाही का?" वाचनालयातल्या बाईंनी हळूच विचारलं.

"नाही."

ते पायरीवर बसले, गुडघ्यावर खात्याची पावतीवही घेतली आणि लिहू लागले. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचून दाखवलं, कचेरीत वाचतात तसं, एका सुरात.

"आज रोजी धक्क्यावर केलेल्या तपासणीत काटा, होडी, तांबडी रेघ आणि तळ्याचे पाणी प्रमाणित आढळले. मुले प्रमाणित आढळली. पालक तपासले असता प्रमाणित आढळले नाहीत. दोष दुरुस्त होण्यासारखा दिसत नाही. सबब होडीच्या दोन फेऱ्या कराव्यात."

काटेकोरांनी खाली सही केली. शिक्का काढला, मग परत ठेवून दिला, आणि हुद्द्याच्या जागी 'चिमणीचे वडील' असं लिहिलं. वही पुढे केली.

पहिली सही आजीने केली. तिला वाटलं, घट्ट वरणाचं काहीतरी आहे. मग जुळ्यांच्या आईने केली. मग हळूहळू सगळ्यांनी. डॉक्टरीणबाईंनी सर्वांत शेवटी केली, आणि सहीपुढे कंसात 'तेहेतीस' असं बारीक अक्षरात लिहिलं. काटेकोरांनी ते पाहिलं आणि खोडलं नाही.

पहिल्या फेरीत तेरा मुलं आणि बाई गेल्या. दुसऱ्या फेरीत बाकीची आणि काटेकोर. रेघ पाण्याच्या वर चांगली चार बोटं राहिली. मामांनी तोल सांभाळायला चिमणीला डावीकडे बसवलं, समोर उजवीकडे पैलवान आणि जुळ्यांपैकी एक. तिला ते दोघांच्या बरोबरीचं मानाचं आसन वाटलं आणि ती पाय पसरून बसली. बेटावर पाणपक्ष्यांची पिल्लं अंड्यांतून नुकतीच बाहेर आली होती. ती इतकी बारकी होती की मुलांनी काटेकोरांना त्यांचं वजन विचारलं. त्यांनी हात लावायला नकार दिला. "त्यांच्या आईला विचारा," ते म्हणाले, आणि मुलांना हा विनोद वाटला.

शाळेने त्या दाखल्याचा फारच विचार केला. मुख्याध्यापकांनी तो कपाटात ठेवला, आणि पुढच्या वर्षी फॉर्म बदलला. आता मुलाचं वजन त्याच्या घरच्यांनी लिहायचं नाही, वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी पालकांनी लिहायचं. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. त्या वर्षी सगळ्या वर्गाची बेरीज अवघी तीन किलोंनी चुकली आणि होडी एका फटक्यात किती भरायची ते मामांना आदल्या दिवशीच कळलं. चार घरांचं आपसात बोलणं मात्र बंद झालं, त्यांतल्या दोन घरांचं अजून बंद आहे.

चिमणीची चिठ्ठी दातांच्या डॉक्टरीणबाईंना निघाली होती. त्यांनी एकसष्ट लिहिलं. चिमणीने औषधांच्या दुकानात जाऊन पाहिलं, एकसष्टच भरलं, आणि ती घरी येऊन म्हणाली की बाईंची नजर फारच चांगली आहे. काटेकोरांची डावीकडची दाढ तेव्हा ठणकत होती, पण ते पुढचे तीन महिने उजव्या बाजूने जेवले.